बाळंतिणीचे दूध आणि घरातील माणसे

(मंडळाच्या महिला मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकर्त्या भगिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ताई, आरोग्यावर काहीतरी बोला. आरोग्य हा विषय समुद्राएवढा. अर्ध्या तासात त्यातले काय सांगणार? म्हणून मी आज फक्त एक वाक्य घेऊन आले आहे. ते वाक्य तुम्ही सर्वांनी ऐकलेले आहे, काहींनी उच्चारलेले आहे आणि काहींनी निमूटपणे सोसलेले आहे. ते वाक्य म्हणजे, "हिला दूध पुरत नाही."

मागे उभ्या असलेल्या बंधूंना विनंती आहे की हा बायकांचा विषय म्हणून आपण निघून जाऊ नये. हा विषय तुमच्याही घरातला आहे. किंबहुना आज मला जे सांगायचे आहे ते बाळंतिणीपेक्षा तिच्या भोवतीच्या माणसांनाच अधिक सांगायचे आहे.

मी अठ्ठावीस वर्षे एका प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून काम केले. पण हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले ते नोकरीत नव्हे, माझ्या स्वतःच्या घरात. साल होते १९८१. मी एकोणीस वर्षांची होते. चाळीतली दहा बाय बाराची खोली, माणसे सात आणि माझी पहिली मुलगी. पहिले तीन दिवस तिला गुळाचे पाणी आणि मध चाटवला. माझा चीक पिळून टाकून दिला, कारण तो पिवळा, घट्ट, 'खराब' असतो अशी समजूत. मुलगी रडली की शेजारीण म्हणे, उपाशी आहे. सासूबाई म्हणत, हिला दूध पुरत नाही. ऐकून ऐकून मलाही तसेच वाटू लागले. मग डब्याचे दूध आले. डबा महाग, मिळकत थोडी. म्हणून तीन मापांच्या जागी एक माप आणि वर पाणी. बाटली धुवायची ती चाळीच्या नळाखाली. जसजसे वरचे दूध वाढले तसतसे माझे आटले आणि सर्वांना वाटले, बघा, आम्ही म्हणतच होतो. तिसऱ्या महिन्यात जुलाब सुरू झाले. चौथ्या महिन्यात ती गेली.

भगिनींनो, हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. माझ्या सासूबाईंनी त्या मुलीसाठी रात्री जागून काढल्या होत्या. त्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी मायेने केले. दोष अज्ञानाचा होता. पुढे मी शिकले, परिचारिका झाले, तेव्हा मला कळले की माझे दूध कधी कमी नव्हतेच. ते कमी केले गेले. कसे, ते आता सांगते.

गावाकडची विहीर तुम्ही पाहिली आहे. जिचा रोज उपसा होतो तिचे झरे मोकळे राहतात. जिला कोणी हात लावत नाही ती गाळाने भरते. आईच्या दुधाचेही तसेच आहे. बाळ अंगावर चोखते तेव्हा आईच्या मेंदूला खबर जाते. मेंदूखालच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचा रस रक्तात येतो आणि तो दूध तयार करावयास लावतो. दुसरा ऑक्सिटोसिन नावाचा रस, तो तयार झालेले दूध बाहेर सोडतो. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. जितके चोखले जाईल, जितके स्तन रिकामे होतील, तितके नवे दूध तयार होते. स्तन भरलेलेच राहिले तर दूध बनविण्याचे काम मंदावते. म्हणजे बाळाला बाटलीने दोन औंस पाजले की तेवढा उपसा घटला आणि उद्याचे दूधही तेवढ्याने कमी झाले. मग बाळ रडते, मग आणखी बाटली. माझ्या घरात हेच चक्र फिरले.

पान्ह्याची आणखी एक गोष्ट आहे. दुखणे, भीती, अपमान, काळजी यांनी पान्हा अडतो. दूध आत असते, पण मोकळे होत नाही. आता विचार करा, जिच्या डोक्याशी दिवसातून दहा वेळा कोणीतरी म्हणते की तुला दूध नाही, तिचा पान्हा कसा फुटेल? कोणी म्हणते दृष्ट लागली. दृष्ट वगैरे काही नसते. लागतात ते शब्द.

आता काय करावे ते क्रमाने सांगते. बाळ जन्मल्यापासून पहिल्या तासाच्या आत त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि अंगावर घ्यावे. सिझेरियन झाले असेल तरी आई शुद्धीवर असेल तर आजूबाजूच्यांच्या मदतीने लवकरात लवकर पाजता येते. पहिले दोन-तीन दिवस जे येते तो चीक. तो थोडाच असतो, एका वेळी जेमतेम चमचाभर. पण नवजात बाळाचे पोटही लहानच असते. या चिकात रोगाशी लढण्याची ताकद असते, म्हणून ती बाळाची पहिली लस समजा. मध, गुळाचे पाणी, घुटी, साखरपाणी काही नको. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरते. पहिल्या बाळंतपणात किंवा सिझेरियननंतर थोडा उशीर होऊ शकतो. तोवर दूध नाही असे समजू नये, पाजत राहावे.

चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे. घड्याळ पाहून नव्हे, बाळ पाहून. बाळ तोंड उघडून इकडेतिकडे शोधू लागले, मूठ चोखू लागले की घ्यावे. रडणे ही शेवटची खूण आहे. रात्रीचे पाजणे कधीही टाळू नये, कारण दूध तयार करणारा रस रात्री अधिक स्रवतो. पुष्कळ घरांत बाळंतिणीला झोप मिळावी म्हणून रात्री बाटली देतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. तिला झोप द्यायची तर दुपारी द्या. बाळ झोपले की तिलाही झोपू द्या आणि भांडी दुसऱ्या कोणीतरी घासा.

बाळ कसे धरले आहे याकडेही पाहावे लागते. नुसते बोंड तोंडात गेले तर बाळाला दूध मिळत नाही आणि आईला चिरा पडतात. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले, मान आणि अंग एका रेषेत, तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि बोंडाभोवतीचा काळा भाग पुष्कळसा तोंडात, असे असावे. पहिल्या क्षणापलीकडे दुखत राहिले तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवावे आणि पुन्हा लावावे. माझ्या नोकरीत 'दूध नाही' म्हणून आलेल्या कितीतरी मुलींना मी औषध दिले नाही, फक्त बाळ नीट धरून दिले.

आता मुख्य प्रश्न. दूध पुरते आहे की नाही हे ओळखायचे कसे? बाळ रडते ही खूण नव्हे. ते गरमीने, पोटदुखीने किंवा नुसते कुशीसाठीही रडते. स्तन मऊ लागणे ही खूण नव्हे. काही आठवड्यांनी मागणी आणि पुरवठा जुळला की ते मऊच लागतात. लहान स्तन ही तर मुळीच खूण नव्हे. पाजल्यावरही बाळाने बाटली घेतली, ही देखील खूण नव्हे. बाटलीतून आपोआप धार येते, बाळ गिळणारच.

खरी खूण दोरीवर असते. होय, कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट लघवीने भिजत असतील, लघवी फिकट असेल, काळी शी जाऊन पिवळी होऊ लागली असेल, तर दूध पोटात जाते आहे. दुसरी खूण वजनकाट्यावर. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, ते साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येते. त्यापुढे पहिले सहा महिने दरमहा निदान ५०० ग्रॅम वाढ हवी. अंगणवाडीत वजनकाटा आहे, आशाताई घरी येतात. त्यांना विचारा, शेजारणीला नको.

याउलट लंगोट कमी भिजत असतील, लघवी गडद पिवळी होत असेल, बाळ पाजण्यासाठी जागेच होत नसेल, टाळू खोल गेली असेल, अंग तापले किंवा पिवळे पडले असेल, तर भाषणे आठवत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

आता एक गोष्ट माझ्याच फजितीची. दोन वर्षांपूर्वी माझ्या घरी नात आली. सून नोकरी करणारी, शहाणी. तिसऱ्या आठवड्यात नात संध्याकाळी सहापासून दहापर्यंत सारखी अंगावर. सोडले की रडे. सून थकून रडकुंडीला आली. आणि अठ्ठावीस वर्षे लोकांना शिकविणारी मी, माझ्या तोंडून शब्द निघाले, "पुरत नसेल गं तुझे." सुनेने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत मला एकोणीस वर्षांची मी दिसले. मी उठले, बाहेर गॅलरीत गेले आणि दोरीवरचे लंगोट मोजले. सकाळपासूनचे सात होते. मी आत आले आणि म्हटले, "माझे चुकले. दूध भरपूर आहे. तू पाज, पोळ्या मी करते." काही बाळे संध्याकाळी अशी सारखी पितात. दुसरा-तिसरा आठवडा, सहावा आठवडा, तिसरा महिना अशा सुमारास वाढीचे दिवस येतात, तेव्हाही दोन-तीन दिवस बाळ अधिक मागते. ते आईच्या दुधाची मागणी वाढवून घेत असते. नेमके त्याच दिवसांत आपण बाटली आणतो. सांगायचे एवढेच की हे वाक्य आपल्या जिभेवर इतके बसले आहे की शिकलेल्या बाईच्या तोंडूनही ते निसटते.

बाळंतिणीच्या खाण्याविषयी दोन शब्द. पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज नेहमीपेक्षा सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. म्हणजे साधारण एक जास्तीचे पोटभर जेवण. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, मेथी, शेपू, खसखस, बाजरीची भाकरी ही आपली बाळंतिणीची खाणी चांगली आहेत, कारण त्यांनी आईचे अंग भरते. परंतु लाडू खाल्ला आणि बाळ पाजले नाही तर दूध वाढत नाही. लाडू आईसाठी, दुधासाठी चोखणे. ऐपत नसेल तर डाळ, भाकरी, पालेभाजी, शेंगदाणे, अंडे, मासळी जे घरात शिजते तेच, पण पोटभर आणि वेळेवर. सर्वांचे झाल्यावर उरलेले तिने खायचे, ही रीत निदान त्या घरात बंद करा. पाणी कमी प्यायला लावू नका. तहान लागेल तेवढे ती पिऊ दे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यावयाच्या असतात, सरकारी केंद्रात मोफत मिळतात. मिश्री आणि तंबाखू मात्र सोडाच. त्यातले विष दुधातून बाळाकडे जाते. पाळणा लांबविण्याच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर मी अंगावर पाजते असे आधी सांगावे, कारण काही गोळ्यांनी दूध कमी होते.

बाळाला पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. उन्हाळ्यातही नको. आईच्या दुधात शंभर भागांपैकी सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. डॉक्टरांनी दिलेली औषधे किंवा थेंब मात्र द्यावेत. सहा महिन्यांनंतर वरचे मऊ अन्न सुरू करावे आणि दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाजत राहावे.

स्तन दगडासारखे झाले तर घाबरून पाजणे थांबवू नये. आधी थोडे हाताने पिळून काळा भाग मऊ करावा, मग बाळाला लावावे, नंतर गार पाण्याची पट्टी ठेवावी. एखादी जागा लाल होऊन ताप आला तर डॉक्टरकडे जावे. तेव्हाही पाजणे बहुधा चालू ठेवता येते, नव्हे ठेवावेच.

ज्यांचे दूध आधीच कमी झाले आहे त्यांनी निराश होऊ नये. बाळाला उघड्या छातीशी धरावे, रात्रंदिवस वारंवार घ्यावे, दोन्ही बाजू द्याव्यात, नंतर हाताने पिळावे. काही दिवसांत बहुतेकींचे दूध वाढते. वरचे दूध मात्र एकदम तोडू नये. डॉक्टर किंवा परिचारिकेच्या देखरेखीखाली, वजन पाहत, हळूहळू कमी करावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर माझ्या बोलण्याने कोणा बिचारीवर अन्याय होईल. काही थोड्या स्त्रियांना खरोखरच दूध पुरेसे येत नाही. बाळंतपणात फार रक्तस्राव झालेला असतो, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, थायरॉईडचा विकार असतो, स्तनाची शस्त्रक्रिया झालेली असते. कधी बाळाची जीभ खाली चिकटलेली असते. अशा आईला तपासावे, तिला टोमणे मारू नयेत. डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले तर डब्यावर लिहिलेल्या मापाने, उकळलेल्या पाण्यात, स्वच्छ वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे. मापात काटकसर करू नये. त्या काटकसरीची किंमत मी मोजली आहे.

दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी तर आईचे दूध औषधच आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. एका आईचे जास्तीचे दूध दुसरीच्या अशक्त बाळाला तेथे मिळू लागले. अंगावरच्या दुधाचे मोल ओळखूनच १९९२ साली आपल्या देशात बाळाच्या डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास कायद्याने बंदी आली. २००३ साली तो कायदा आणखी कडक करण्यात आला. म्हणून कोणी दुकानदार किंवा प्रतिनिधी फुकट डबा हातात ठेवू लागला तर घेऊ नका.

शेवटी कामावर जाणाऱ्या भगिनींविषयी. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची सवलत मिळावी या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता. १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. पुढे १९६१ चा देशव्यापी कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन सुट्या आणि पन्नास किंवा अधिक नोकर असतील तेथे पाळणाघर, अशीही तरतूद आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती घेतलेली आहे. हा आपला हक्क आहे, मागून घ्या.

परंतु समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणी घरकाम करतात, भाजी विकतात, बांधकामावर जातात. त्यांना कोण रजा देणार? त्यांच्यासाठी दूध पिळून ठेवण्याची युक्ती आहे. हात साबणाने धुवावेत. उकळून घेतलेले स्टीलचे भांडे घ्यावे. अंगठा आणि बोटे काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे आणि मग एकमेकांकडे दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. बोंड ओढू नये. असे काढलेले दूध झाकून गार सावलीत चार तास राहते, फ्रिजमध्ये एक दिवस. कडक उन्हाळ्यात बाहेर इतका वेळही ठेवू नये. ते उकळू नये, गरम पाण्यात भांडे धरून कोमट करावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. कामावरही दर तीन तासांनी थोडे पिळावे, म्हणजे उपसा थांबत नाही. घरी आल्यावर आणि रात्रभर अंगावर पाजावे.

आता माझ्या तीन मागण्या आहेत. सासवांनो आणि आयांनो, ते वाक्य तोंडात येण्याआधी दोरीवरचे लंगोट मोजा. बंधूंनो, पहिले तीन महिने स्वयंपाक, पाणी, धुणे यांतले एक तरी काम आपल्या अंगावर घ्या, कारण तिचे काम दिवसातून बारा वेळा आहे. आणि मंडळाला विनंती, आपल्या वस्तीत जी बाळंत होईल तिच्या घरी पहिल्या आठवड्यात मंडळाच्या एका जाणत्या भगिनीने जावे. झबले-टोपडे नेले नाही तरी चालेल. बाळ नीट लागले आहे का ते पाहावे आणि तिला सांगावे, "बाई, तुझे दूध पुरते आहे."

मला १९८१ साली हे सांगणारे कोणी नव्हते. माझ्या सुनेला सांगणारे कोणीतरी होते, जरा उशिरा का होईना. तुमच्या लेकी-सुनांना वेळेवर सांगणारे कोणी असावे, एवढीच इच्छा व्यक्त करून मी माझे भाषण संपविते.